करवंटीतले शिंपले

आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याची नजर परसातल्या बदकांवर गेली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घालतत काय?" अंडी घालतात का, दिवसाला किती, विकता की घरीच खाता, हे त्याच्या पाठोपाठ येतं. ती खातात काय, असं विचारणारा माणूस मला लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत फार क्वचित भेटला. पाहुण्याला नावं ठेवायचं कारण नाही. गाय दिसली की आपण दूध किती देते हे विचारतो, आंब्याखाली उभं राहिलं की यंदा धरला का हे विचारतो. आपली विचारपूस घेण्याच्या बाजूने सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

पण मग जो रोज देतो, त्याच्या देण्याची बेगमी बघायची कुणी? देणाऱ्याने स्वतः, की घेणाऱ्याने? आणि देणारा तोंडातून ब्र काढत नसेल, तर त्याचं बरं चाललंय असं धरून चालायचं का? हे प्रश्न माझ्यापुढे एका उन्हाळ्यात बदकांच्या अंड्यांनी आणून ठेवले. तेव्हापासून ते गेले नाहीत.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. घरी कोंबड्या होत्या, पण बदक म्हणजे रंकाळ्यावर लांबून बघायची गोष्ट. लग्न होऊन मालवण तालुक्यात, कालावलच्या खाडीकाठी आले तर घराच्या मागच्या दारी आठ-दहा बदकं कायमची. सासूबाईंनी ती हौसेने पाळलेली नव्हती. बदकाची अंडी बाजारात विकली जातात, आणि त्या पैशांवर घरातल्या बाईचा हक्क असतो, हे त्यामागचं साधं कारण. माझ्या नणंदांच्या शाळेच्या वह्या त्या अंड्यांवर आल्या, असं त्या सांगायच्या. म्हणजे आमच्याकडे बदक हा व्यवहार होता, आणि हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं भूतदयेचं कीर्तन वाटायचं.

पावसाळ्यात बदकांचं आम्हाला काही बघावं लागत नाही. आषाढ-श्रावणात कुणग्यांमध्ये पाणी तुडुंब असतं. खुराडं उघडलं की रांग लावून ती जी जातात ती दिवेलागणीलाच परत. दिवसभर चिखलात चोच घालून गोगलगायी, कुर्ल्यांची पिल्लं, गांडुळं, किडे, शेवाळ असं काय काय वेचत असतात. संध्याकाळी मूठभर कणी टाकायची ती पोट भरायला नव्हे, घराची वाट लक्षात राहावी म्हणून. दिवाळीला भात कापून झालं की पडलेला दाणा वेचायला जातात. पूर्वी पुढे वायंगणाचं भात असायचं, त्यामुळे मळ्यात पाणी राहायचं. आता आमच्याकडे वायंगण करणारे फार थोडे. मकरसंक्रांत गेली की मळे सुकायला लागतात, होळीपर्यंत जमीन भेगाळते. मोकाट कुत्री, मुंगूस यांच्या भयाने बदकं परसातच कुंपणात ठेवावी लागतात. मग त्यांचं खाणं म्हणजे कणी, कोंडा, घरातला उरलेला भात आणि डुंबायला एक जुनं घमेलं.

मी सांगतेय ती गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी माघात आठ माद्या रोजची सहा-सात अंडी देत होत्या. पांढरीस्वच्छ, जड, टणक अंडी. सासूबाई खुशीत होत्या. फाल्गुन सरता सरता एखादं अंडं हाताला खरखरीत लागायला लागलं. मग टोपलीत ठेवताना चीर जायला लागली. चैत्रात एके सकाळी खुराड्यात कवच नसलेलं अंडंच सापडलं. नुसती पातळ कातडी आणि आत हलणारा बलक. उचलायला गेलं तर बोटांतून निसटत होतं. बाकीची अंडीही इतकी पातळ की बदकाच्या स्वतःच्याच पायाखाली फुटायची, आणि फुटलेलं अंडं इतर बदकं खायची.

घरात प्रत्येकाने आपापलं कारण काढलं. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं उन्हाचं असंच असतं. कुणाच्या मते ही खाकी जातच नाजूक, गावठी ठेवायला हवी होती. अंडी खाणाऱ्या बदकांना तर खोडील ठरवून वेगळं कोंडायचीही चर्चा झाली. एवढ्यात एक मादी लंगडायला लागली. सगळ्यांत जास्त अंडी देणारी, सासूबाईंची लाडकी. दोन दिवसांत ती बसूनच राहायला लागली, पंख जमिनीवर टेकलेले. तालुक्याच्या दवाखान्यातले पशुवैद्य दुसऱ्या कुणाची म्हैस बघायला वाडीत आले होते, त्यांना आम्ही हाक मारली.

त्यांनी बदकाच्या मांडीला आणि छातीच्या हाडाला हात लावून बघितला आणि विचारलं, "खायला काय घालता?" आमच्या घरात हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला.

मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो मी अजून विसरलेली नाही. बदकाचं अंडं साधारण ७० ग्रॅमचं. त्यातलं दहाव्या हिश्शाच्या आसपास वजन कवचाचं, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. कवच जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडू किंवा शिंपला ज्याचा असतो त्याचंच. त्यात नुसतं कॅल्शियम मोजलं तर सुमारे अडीच ग्रॅम. खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडं घालणाऱ्या बदकाच्या पोटात दिवसाला चार-पाच ग्रॅम कॅल्शियम जायला हवं. आणि १०० ग्रॅम तांदळात ते किती? १० मिलीग्रॅमच्या आसपास. पाखरू दिवसभर पोट फुगेपर्यंत कणी खाईल तरी एका अंड्याच्या कवचाचा कोपराही त्यातून व्हायचा नाही. वर कोंड्यात फॉस्फरस भरपूर, आणि तो अशा रूपात असतो की जे थोडं कॅल्शियम आहे तेही धरून ठेवतो.

"मग आजवर चांगली अंडी आली ती कशी?" मी विचारलं.

ते म्हणाले, "हाडातनं."

पक्ष्यांच्या मादीत अंडी घालायच्या दिवसांत पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, तात्पुरतं हाड तयार होतं. ती कॅल्शियमची शिल्लक. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्याचं बरंचसं काम रात्री चालतं, पोट रिकामं असताना. तेव्हा ही शिल्लक काढली जाते आणि दिवसा खाण्यातून पुन्हा भरली जाते. खाण्यातून भरपाई झाली नाही तर शिल्लक संपते, आणि मग शरीर पायाचं, छातीचं खरं हाड झिजवायला लागतं. उन्हाळ्याने त्यात भर घातली होती. धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. वय, भीती, रोग यांनीही कवच पातळ होतं हेही त्यांनी सांगितलं. पण आमच्या परसातलं मुख्य कारण घमेल्याशेजारी सांडलेलं होतं, कणी आणि कोंडा.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या बसलेल्या मादीकडे बघत राहिले. मला कवच पातळ झाल्याचं इतकं काही वाटलं नाही. मला माघातली ती टणक अंडी आठवत होती. मळे सुकून महिना झाला होता, कणीवर दिवस चालले होते, आणि अंडी मात्र जशीच्या तशी. आम्ही त्या अंड्यांवरून बदकांची तब्येत ठरवत होतो. टणक कवच म्हणजे सगळं ठीक. प्रत्यक्षात त्या दिवसांत बाहेरचं कवच जितकं नीट होतं तितकं आतलं हाड पोकळ होत चाललं होतं. कवचाने बातमी दिली ती फार उशिरा, सगळं खर्चून झाल्यावर.

देणाऱ्याचं देणं नीट चाललं आहे म्हणजे देणारा नीट आहे, असं आपण सर्रास धरतो. घरात, शेतात, नोकरीत, सगळीकडे. पण उत्तम देणाऱ्याच्या बाबतीत हे माप सगळ्यांत खोटं ठरतं. जो कमी देणारा आहे तो कमी पडलं की थांबतो, आणि त्याचं थांबणं आपल्याला दिसतं. आमच्या दोन गावठी बदकांनी त्या उन्हाळ्यात फाल्गुनातच अंडी घालणं सोडून दिलं होतं. त्यांना आम्ही आळशी म्हणत होतो. त्यांचे पाय धड राहिले.

खाकी मादी का थांबली नाही, याचं उत्तर मला पुढे वाचनातून मिळालं. ही खाकी कॅम्पबेल जात इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या एका खेड्यात श्रीमती कॅम्पबेल यांनी तयार केली आणि १८९८ च्या सुमारास ती लोकांसमोर आली. त्यात इंडियन रनर नावाच्या बदकाचं रक्त आहे. नावात इंडियन असलं तरी ते बदक मूळचं इंडोनेशियाच्या बेटांवरचं. रानटी बदकाची मादी, आपल्याकडे हिवाळ्यात तलावांवर येते ती मॅलार्ड, वर्षात डझनभर अंडी घालते आणि थांबते, कारण मग तिला ती उबवायची असतात. खाकी कॅम्पबेल चांगल्या खाण्यावर वर्षाला तीनशेच्या घरात जाते. ती खुडूक बसत नाही. म्हणून तर तिची अंडी आम्ही कोंबडीखाली ठेवतो, आणि कोंबडी बिचारी एकवीसच्या जागी अठ्ठावीस दिवस बसते.

माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्या बदकातून काय काढून घेतलं? तिचं थांबणं. मला हा नैतिक प्रश्न वाटतो तो इथे. रानातल्या बदकाच्या खाण्याची जबाबदारी माझ्यावर नाही, तिच्या शरीराला कुठे थांबायचं ते ठाऊक आहे. पण जिचं थांबणं माणसाने आपल्या सोयीसाठी काढून टाकलं, तिच्या वतीने थांबायचं कधी हे बघणं, आणि थांबायचं नसेल तर पुरवणं, हे माणसाकडेच आलं. थांबता न येणाऱ्याकडून "तीच देते, मी कुठे मागितलं" असं म्हणून घेत राहता येत नाही.

कवचाची साक्ष याहून मोठ्या प्रमाणावर एकदा काढली गेली होती. इंग्लंडात डेरेक रॅटक्लिफ नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने संग्रहालयांत आणि लोकांच्या खासगी पेट्यांत जपून ठेवलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून बघितली. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कवचाचं वजन जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटलं होतं. हे त्याने १९६७ साली प्रसिद्ध केलं. पुढे अमेरिकेत बदकांवरच प्रयोग झाले आणि डीडीटीपासून शरीरात बनणारं द्रव्य कवच पातळ करतं हे दिसलं. आपल्याकडे शेतीत डीडीटी वापरायला १९८९ साली बंदी आली. तिथलं कारण विषाचं होतं, आमच्या परसातलं उपासमारीचं, दोन्ही एक नव्हेत. पण एक गोष्ट सारखी आहे. ससाणे वीस वर्षं पातळ कवचाची अंडी घालत होते आणि ती त्यांच्या अंगाखाली फुटत होती. कुणीतरी जुनं-नवं शेजारी ठेवून बघेपर्यंत ते कुणाच्या गावीही नव्हतं. मुक्या जिवाचं दुःख मोजणारा लागतो, ते आपणहून चालत येत नाही.

पशुवैद्यांनी दुकानातून शिंपल्यांचा चुरा आणायला सांगितला होता. ते ऐकून सासूबाई हसल्या. आमच्या माडांच्या आळ्यांत पिढ्यांपासून तिसऱ्यांची आणि कालवांची शिंपलीच टाकलेली. त्यांनी पाटीभर शिंपली उकरून धुतली, उन्हात वाळवली आणि पायरीच्या दगडावर वरवंट्याने फोडायला बसल्या. पीठ करायचं नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे, असं वैद्यांनी सांगितलं होतं. मोठे तुकडे पक्ष्याच्या पोटात रात्रभर रेंगाळतात आणि हळूहळू विरघळतात, नेमके कवच घडायच्या वेळेला उपयोगी पडतात. शेजारणीने खायचा चुना घालायला सुचवलं होतं, त्याला मात्र वैद्यांनी ठाम नाही म्हटलं. त्याने चोच आणि आतडं भाजतं.

मी विचारलं, एकेकीला किती द्यायचे? चमचा मोजून कणीत कालवू का? सासूबाईंनी एका मोठ्या करवंटीत ते तुकडे भरले, खाण्यापासून वेगळी, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "बदकाक कळता गो. तिका व्हये तितकेच खाता. आपण कित्याक मोजूचा?"

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पण झालं तसंच. संध्याकाळी घालणाऱ्या माद्या करवंटीवर तुटून पडायच्या. दोन्ही नर चोच लावून निघून जायचे. अंडी थांबवलेल्या गावठी माद्या एखादा तुकडा उचलायच्या. वैद्यांना सांगितलं तर ते म्हणाले हेच बरोबर. सगळ्यांच्या खाण्यात सारखं मिसळलं असतं तर नरांना आणि लहान पिल्लांना जास्त कॅल्शियम होऊन त्यांची मूत्रपिंडं बिघडली असती.

तेव्हापासून मला वाटत आलंय की न्याय म्हणजे सगळ्यांच्या पानात सारखं वाढणं, ही आपली समजूत अपुरी आहे. सारखं वाढलं असतं तर एकीला कमी पडलं असतं आणि दुसऱ्याला बाधलं असतं. भरवणं आणि ठेवणं यांत फरक आहे. भरवणारा ठरवतो तुला किती हवं. ठेवणारा एवढंच बघतो की करवंटी रिकामी नाही, ती हाताशी आहे, आणि तिथवर जायला कुणाची आडकाठी नाही. घेणाऱ्याचं कर्तव्य मला तेवढंच दिसतं, पण तेवढं पुरं दिसतं. आणि ते मागण्याआधी करायचं असतं, कारण मागणी येते तेव्हा हाडं गेलेली असतात.

पंधरा दिवसांत कवचं सुधारली. लंगडणारी मादी मात्र पूर्ण बरी झाली नाही. ती उठली, चालायला लागली, पण एक पाय कायमचा अधू राहिला.

माझे चुलत दीर त्या वेळी शेजारच्या आवाठात चाळीसेक बदकं पाळून होते. त्यांची अंडी तारकर्लीकडच्या घरगुती खाणावळींना जायची. ते हिशेबी माणूस, आणि त्यांचं बोलणं मी कधी उडवून लावलेलं नाही. ते मला म्हणाले, "वयनी, तू तेंका शिंपले घालतस ते अंड्यांसाठीच मां? मगे हेच्यात दया खयची?"

प्रश्न चोख होता. शिंपले घातल्याने आमची अंडी वाढली, फूट कमी झाली, पैसे जास्त आले. ज्या चांगुलपणाने आपलाच फायदा होतो तो चांगुलपणा म्हणायचा का? मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं की बदकाच्या हाडाला माझा हेतू कळत नाही, त्याला शिंपला कळतो. हेतू शुद्ध होईपर्यंत थांबले असते तर तोवर दोन पाय आणखी गेले असते. फायद्याची आणि कर्तव्याची वाट एकच असेल तेव्हा तिच्यावरून बिनदिक्कत चालावं. मात्र माणूस कोण आहे हे कळतं ते या वाटा वेगळ्या होतात तिथे.

त्या कार्तिकात त्या वेगळ्या झाल्या. दिवस लहान झाले, बदकांची पिसं झडायला लागली, अंडी बंद होत आली. दरवर्षीच असं होतं. पण त्या वर्षी दीर खाणावळींसाठी आमच्याही अंड्यांची मागणी घेऊन आले होते. नाताळात पर्यटक येतात, भाव दुप्पट. त्यांनी सांगितलं, खुराड्यात एक बल्ब लाव, चौदा-पंधरा तास उजेड मिळाला की ती पुन्हा घालायला लागतील. त्यांच्या बदकांना त्यांनी लावला होता आणि खाणंही ते विकतचं, पूर्ण ताकदीचं घालत होते. त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पुरवत असेल तर मागायचा माणसाला काही अधिकार आहे.

आम्हाला पैशांची गरज होती. माझ्या मोठ्या मुलीला त्या जूनमध्ये कुडाळला शिकायला पाठवायचं होतं. मी बल्ब लावायच्या बाजूने होते, आणि आजही त्यात काही वावगं होतं असं मला वाटत नाही. सासूबाईंनी त्या अधू मादीकडे बोट केलं. म्हणाल्या, "रातचो दिवस केलो की ती घालतली. पण मगे तिची रात खय?"

बल्ब लागला नाही. नाताळची मागणी गेली. मुलगी कुडाळला गेली ती माझी पाटली गहाण ठेवून. हा निर्णय बरोबर होता की चूक याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. एका बाजूला पाखरांची दोन महिन्यांची विश्रांती, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीचं शिक्षण. तराजूत घातलं तर मुलगीच जड. पण पाटली सुटली, मुलगी शिकली, आणि त्या माद्यांतल्या पाच जणी पुढे चार-चार वर्षं चालत्याफिरत्या राहिल्या. नीतीची किंमत असते हे खरं. ती दर वेळी परवडेल असं नाही हेही खरं. निदान ती कुणी भरली हे लपवू नये, इतकं मला कळतं.

आता जे सांगायचंय ते बदकांचं नाही, पण मला ते वेगळं करता येत नाही. त्यानंतर तीन वर्षांनी सासूबाई पडवीत पाय घसरून पडल्या. पडणं साधंच होतं, हात टेकला इतकंच. मनगट मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि सांगितलं, हाडं पोकळ झालीत, हे आजचं नाही. पाच मुलं, पाच जणांचं दूधपाणी, आयुष्यभर चुलीपुढे शेवटचं जेवण. भात आणि कढी. कढीतला मासा तोवर संपलेला. पूर्वी वरकस जमिनीवर नाचणी व्हायची, तिची भाकरी आणि आंबील घरात असायची. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या तीसपटीहून जास्त. वरकस जमिनी काजूखाली गेल्या, स्वस्त धान्याच्या दुकानातून तांदूळ यायला लागला, नाचणी गेली. बदकांचे मळे सुकले तशीच ही गोष्ट. आणि वर्षानुवर्षं बाहेरून सगळं टणक होतं. पहाटे चारला उठणारी, पाण्याची कळशी कंबरेवर घेऊन घाटी चढणारी बाई. सगळे म्हणायचे, काय काटक आहे!

मी त्यांच्या हाताला तेल लावताना रागाने बोलून गेले की या घरात तुमच्या जेवणाकडे कुणी बघितलंच नाही. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "माका कोणी खाव नको म्हणूक नाय. मी आपणच खावक नाय."

यावर मी गप्प बसले, पण विचार थांबला नाही. बदकाला निवड नसते, माणसाला असते, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी आपण होऊन दिलं आणि त्या देण्याचा त्यांना अभिमान होता. मी त्यांना कुणीतरी लुबाडलेली बाई ठरवलं तर त्यांच्या साऱ्या आयुष्याचा मान काढून घेतल्यासारखं होतं. ते मला करायचं नाही. पण मला हेही दिसतं की त्यांच्या हाताशी करवंटी कधी कुणी ठेवलीच नव्हती. पातेल्यात मासा उरलेलाच नसेल, तर न खाण्याची निवड कोणती? जिथे दोन्ही गोष्टी समोर आहेत आणि माणूस एक सोडतो, त्याला त्याग म्हणावं. जिथे दुसरी गोष्ट समोर आलीच नाही, तिथे आपण त्याग हा शब्द वापरतो तो बहुधा घेणाऱ्यांच्या सोयीसाठी. कौतुक फुकट पडतं, शिंपले फोडायला बसावं लागतं.

आमच्या घरात त्यानंतर फार काही क्रांती झाली नाही. नाचणी विकत आणतो. पेडव्यांची कढी झाली की सगळ्यांची पानं एकदम घेतो, कारण शेवटी बसणाऱ्याला काय मिळतं ते पातेलं सांगत नाही. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, मग बसायला लागल्या. हाताशी ठेवलेलं त्याही खात गेल्या, बदकांसारख्याच, कुणी न मोजता.

ती अधू मादी पुढे चार वर्षं जगली. त्या काळात तिने फारशी अंडी दिली नाहीत, शेवटची दोन वर्षं तर एकही नाही. ती माडाखाली बसायची, बाकीची मळ्यात गेली तरी. दीर एकदा येऊन म्हणाले, ही आता कशाला ठेवलीय, दाणे फुकट जातायत. हिशेबाने ते बरोबर होतं. सासूबाई मोडून बसलेल्या हाताने तिच्यापुढे भिजवलेली कणी सरकवत होत्या. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"तिची अंडी खाल्लंव मां आपण?" त्या म्हणाल्या. "मगे आता तिका खावक घालूक नको?"